दुसऱ्या माणसाचा रकाना

नंदू वायरमन चपलांसकट आत आला, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या स्टुडिओच्या दारावर 'चपला बाहेर काढा' ही पाटी त्यानंच स्क्रू मारून बसवलेली, आणि दुसरा कुणी विसरला तर त्याला हटकणाराही तोच. त्या दिवशी तो थेट माझ्या टेबलापर्यंत आला, काखेत हेल्मेट, आणि वहीच्या पानाची एक घडी माझ्यापुढे ठेवली. पाचला दहा मिनिटं कमी होती. पाचला माझा कार्यक्रम सुरू व्हायचा.

"ताई, उज्ज्वला घरातनं गेली सकाळी. पोरीला घेऊन," तो म्हणाला. "हाक द्यायचीय."

हाक म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. धामणखेडचा रेडिओ म्हणजे बियाण्याच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्या, मधे एक काच, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या वाकळा आणि मागच्या परसात एक लोखंडी टॉवर. हा सगळा खटाटोप तारमास्तरांचा. आडनाव निकाळजे, पण तारखात्यात तीस वर्षं काढली म्हणून गाव त्यांना तारमास्तरच म्हणायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पारावर जाऊन बसतात, हे दिल्लीला अर्ज करत बसले आणि चार वर्षांनी परवाना घेऊनच उठले. सुरुवातीला शेतीचे सल्ले, भजनं आणि कुणाकुणाची भाषणं असायची. ऐकायचं कोण? मग एक दिवस पारूबाई गुरव शेळी हरवली म्हणून रडत रस्त्यानं चालली होती, तिला मास्तरांनी हाताला धरून माइकपुढे बसवलं. अर्ध्या तासात शेळी सापडली. त्या दिवसापासून आमचा रेडिओ गाणी वाजवणारा राहिला नाही, बोलणारा झाला. पाच ते सहा 'हाक'. कुणाची पिशवी वडापच्या जीपमध्ये राहिली, कुणाचा दाखला उडाला, कुणाचं म्हातारं माणूस बाजारातनं घरी पोचलं नाही. लोक फोन करायचे, मी बोलायची, आणि सगळा टापू कान देऊन असायचा. मी त्याआधी ब्लाउज शिवायची. आवाज मोठा म्हणून आई आयुष्यभर बोलली, त्याच आवाजावर मास्तरांनी मला ठेवून घेतलं.

वस्तू सापडली की टेबलावरची पितळी घंटा दांड्यानं तीनदा वाजवायची. बंद पडलेल्या बालवाडीची होती ती. तीन ठोके पडले की लोक शोधायचे थांबत. तोवरच्या सात वर्षांत ती चारशेवर वेळा वाजली असेल आणि एकदाही खोटी वाजली नव्हती. मास्तर त्या बाबतीत फार कडक. उमेदवारीच्या काळात त्यांच्या हातून एका घरी भलत्याच माणसाच्या मरणाची तार गेली होती, आणि दुरुस्ती पोचेपर्यंत त्या घरातल्या बाईनं बांगड्या फोडल्या होत्या. ते त्यांच्या मनातनं कधी गेलं नाही. म्हणून आमचे नियम होते. शेळीची हाक एकाच्या सांगण्यावर देता येते, माणसाची नाही. माणूस हरवला असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलायचं आणि त्याचं नाव नोंदवहीतल्या दुसऱ्या रकान्यात लिहायचं, मगच माइक उघडायचा. आणि चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच माणसानं, त्याच तोंडानं दुरुस्ती सांगायची.

मास्तर त्या दिवशी नवी कवळी बसवून घ्यायला जिल्ह्याला गेले होते. मी एकटीच होते.

मी नोंदवही ओढली आणि नंदूला म्हटलं, काकूंना फोन लाव, दोन शब्द बोलते. काकू म्हणजे त्याची आई. घरात चौघंच, हा, त्या दोघी मायलेकी आणि म्हातारी.

"आई कसली बोलतीय," तो म्हणाला. "सकाळपास्नं रडून रडून पडलीय. ताई, उज्ज्वलाचं डोकं ठिकाणावर नाही हल्ली. पोरीला घेऊन विहीर जवळ करंल ती. तुम्ही रकाने भरत बसा."

आता हा कुणी परका असता तर मी ऐकून घेतलं नसतं. पण नंदू आमचाच. टॉवरवर चढून तार बांधताना पडता पडता वाचलेला. वीज गेली की न बोलावता येणारा. माझ्या पोराच्या मुंजीत मांडवाची सगळी लायटिंग त्यानं केलेली. आणि त्यात विहिरीचं नाव. मी दुसरा रकाना कोरा ठेवला आणि माइक उघडला.

चांगली हाक दिली मी. खोटं कशाला सांगू, जीव ओतून दिली. उज्ज्वला ढोबळे, वय अठ्ठावीस, अंगात निळी साडी, बरोबर सहा वर्षांची ऋतुजा, पिवळा फ्रॉक. जिथं दिसेल तिथं प्रेमानं थांबवून घ्या आणि आम्हाला कळवा. नंदू काचेपलीकडच्या बाकावर बसून बाहेरच्या स्पीकरवर ऐकत होता.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. पहिला कासारीणबाईंचा. सकाळी अकराला बाजारात पाहिली, पोरीला बिस्किटपुडा घेतला, उजव्या हाताला ओला फडका गुंडाळलेला होता. मी म्हटलं, छान, छान, आणखी कुणी? फडक्याचं मला काही वाटलं नाही. दुसरा फोन वडापवाल्याचा. तीनच्या सुमाराला त्याच्या जीपमध्ये होती, ओढ्याच्या पुलाशी उतरली, बरोबर एक म्हातारी होती वाटतं, पण ती परत फिरली. मला हुरूप चढला होता. सगळं गाव कसं कामाला लागलंय, असंसुद्धा मी माइकवर म्हणाले. काचेपलीकडे नंदू एकेक ठिकाण एका कागदावर लिहून घेत होता.

तिसरा फोन आला तेव्हा गाणं चालू होतं. आमची पद्धत अशी की रिसीव्हर आधी कानाला लावायचा, कोण आहे बघायचं आणि मग आवाज पुढे सोडायचा. बाईचा आवाज होता, घसा बसलेला. हा आवाज आमच्याकडे पूर्वी कधी आलेला नव्हता.

"हे बाहेर ऐकू जातंय का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, बोला.

"तो तिथंच बसलाय?"

मी काचेतनं पाहिलं. बसला होता. हो म्हटलं.

"मग तोंडावर काय दाखवू नको. परवा त्यानं तिचा हात गॅसवर धरला. पोर समोर उभी होती. मी तिला वाटंला लावलीय. सहाच्या गाडीनं फाट्यावरनं जाईल. तेवढा वेळ तिला त्याच्या हातात देऊ नको गं बाई."

कोण तुम्ही, म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

रिसीव्हर तसाच कानाला धरून मी बसून राहिले. ओला फडका. चपलांसकट आत आलेला नंदू. विहिरीचं नाव काढून त्यानं मला कसं बरोबर उठवलं होतं. माझ्याच तोंडानं मी आख्ख्या टापूला त्या पोरीच्या मागावर सोडलं होतं, तेही प्रेमानं थांबवा म्हणून सांगून. मला स्वतःची चीड आली. मग वाटलं, हे तरी खरं कशावरून? नाव नाही, गाव नाही. कुणी नंदूवर डूख धरून बोललं असेल तर?

फोन पुन्हा वाजला. नंदूनं काचेवर बोट टकटक केलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, घ्या म्हणून. गाणंही संपत आलं होतं. मी रिसीव्हर उचलला आणि सवयीनं हात पुढे गेला, आवाज थेट बाहेर सोडला गेला.

"चंदाताई, दगडू मोहिते बोलतोय, फाट्यावरचा भजीवाला. तुमची बाई हितं लिंबाखाली बसलीय पोरगी घेऊन. सहाच्या गाडीला थांबलीय. धरून ठेवू का?"

घड्याळात पाच सदतीस. फाटा अकरा किलोमीटर, मोटरसायकलवर फार तर वीस मिनिटं. नंदू उठला. त्यानं कागद खिशात घातला आणि हेल्मेटचा पट्टा लावायला लागला.

"नाव विचारलंत का, दगडूभाऊ?" मी म्हटलं.

नाव नव्हतं विचारलं. निळी साडी आणि पिवळा फ्रॉक आहे म्हणाला.

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि घंटेचा दांडा हातात घेतला.

तीन ठोके मी मोजून दिले. विचार करायला तेवढाच वेळ मिळाला. मग मी माइकमध्ये सांगितलं, की उज्ज्वला आणि ऋतुजा सापडल्या. आत्ताच निरोप आलाय, दोघी सरकारी दवाखान्यात सुखरूप आहेत, आता कुणी शोधू नये. दगडूभाऊ, लिंबाखालची बाई दुसरी कुणी आहे. तिला उगीच अडवू नका, वाटसरू आहे, गाडीत बसवून द्या.

"बरं बरं," दगडू म्हणाला.

नंदू दार उघडून आत आला. हेल्मेट डोक्यावर, काच वर केलेली. कुणाचा फोन, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मगाशी गाणं चालू असताना आला नव्हता का, तू बघत होतास की, नर्सबाई होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग घंटेकडे. घंटेकडे बघून त्याचा विश्वास बसला, माझ्याकडे बघून नाही. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, फाट्याच्या उलट दिशेला. त्याची मोटरसायकल तिकडे वळल्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठं मी दांडा खाली ठेवला.

सव्वासहाला तो परत आला. मी कुलूप लावत होते. ओरडेल, अंगावर येईल, असं वाटलं होतं. त्यानं गाडी नीट स्टँडवर लावली आणि जवळ येऊन उभा राहिला.

"दवाखान्यात कुणी नाही," तो म्हणाला. "मास्तर उद्या येतील ना?"

येतील, म्हटलं.

"मग उद्या पाचला येतो. मास्तरांचा नियम मलाबी पाठ आहे, ताई."

त्या शब्दांचा अर्थ मला रात्रभर पुरला. फाट्यावर चार रस्ते मिळतात, सहाच्या सुमाराला तीन गाड्या सुटतात. तिन्हींतली कुठली, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण मी दुरुस्ती सांगितली की कालची घंटा खोटी, लिंबाखालची बाई उज्ज्वलाच होती, तर अर्ध्या तासात कुणीतरी फोन करून सांगणार, माझ्या शेजारच्या सीटवर होती, अमक्या गावाला उतरली. आमची माणसं भली. त्यांच्या भलेपणाचीच मला धास्ती वाटत होती.

सकाळी मास्तर आले. नवी कवळी त्यांना सलत होती, शब्द तोलून तोलून बाहेर पडत होते. मी सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"हाक कुणाच्या सांगण्यावर दिलीस?"

"नंदूच्या."

"एकट्याच्या. आणि घंटा?"

"त्या बाईच्या."

"तिचं नाव?"

"सांगितलं नाही."

"म्हणजे दोन्ही वेळा एकेकाच्या शब्दावर," ते म्हणाले. "आज पाचला दुरुस्ती होईल. तूच करशील."

मी भांडले. म्हटलं, मास्तर, तिचा हात भाजलाय, तो तिला ओढून आणेल, पोरीसमोर उद्या तोंडावर रॉकेल ओतेल, तुमच्या नियमापायी एका बाईचा जीव जाऊ द्यायचा का? म्हटलं, मला काढून टाका, मी परत मशीनवर बसते, पण हे माझ्याच्यानं होणार नाही. आयुष्यात त्यांच्यापुढे इतकं बोलले नव्हते. ते ऐकत राहिले. मग नोंदवही उघडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली, कालच्या पानावर बोट टेकवलं.

"दुरुस्ती करायची म्हणजे सगळी करायची, चंद्रकला. पहिल्यापासून."

आणि उठून आतल्या खोलीत निघून गेले. मला इतका राग आला होता की त्यांनी बोट कुठं टेकवलं होतं, ते मी पाहिलंच नाही. दुपारी वही मिटायला गेले तेव्हा दिसलं. कोऱ्या रकान्यावर त्यांच्या बोटाचा घामाचा ठसा होता.

पाचला पाच कमी असताना नंदू आला. चपला बाहेर काढल्या, एकाशेजारी एक लावून ठेवल्या, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि बाकावर बसला. धुतलेला शर्ट घातला होता. कालच्यापेक्षा मला त्याची आज जास्त भीती वाटली. मास्तर खुर्ची ओढून काचेच्या दाराशी बसले, पाठ दाराला लावून.

मी माइक उघडला. म्हटलं, आज आधी दुरुस्ती. काल या कार्यक्रमात माझ्या हातून चूक झाली. उज्ज्वला ढोबळे यांची हाक मी एकाच माणसाच्या शब्दावर दिली. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायचा आमचा नियम आहे, तो मी मोडला. जे काल विचारायला हवं होतं, ते आज सगळ्यांच्या समोर विचारते.

आणि मी ढोबळ्यांच्या घरचा नंबर फिरवला.

काचेपलीकडे नंदू उठून उभा राहिला. मास्तर खुर्चीवरनं हलले नाहीत. घंटी वाजत राहिली, चार, पाच, सहा. मी मनात म्हणत होते, म्हातारी लेकाचीच बाजू घेणार, आणखी काय होणार. पण निदान विचारलं तरी. सातव्या घंटीला फोन उचलला गेला.

"हॅलो," तिकडून आवाज आला.

बसलेला घसा. कालचाच आवाज.

मी म्हटलं, "हौसाकाकू, मी रेडिओवरनं चंदा. तुम्ही बोलाल ते सगळ्यांना ऐकू जातंय. नको असेल तर फोन ठेवा, मी काहीच म्हणणार नाही."

काकूंना गावात कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. लग्नकार्यातही मागच्या रांगेत, उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालून बसलेली बाई.

"ऐकू जाऊ दे," ती म्हणाली.

"तुमची सून हरवलीय का?"

"हरवली नाही. मी पाठवली. ओढ्यापत्तर पोचवून आले." लगेच पुढं म्हणाली, "कुठं पाठवली, ते विचारू नको."

"नाही विचारत. का पाठवली, ते सांगाल?"

"माझ्या लेकानं तिचा हात जाळला. ह्याच्या बानं माझा जाळला हुता, तवा हा पोरीएवढाच हुता, दारात उभा राहून बघत हुता. मला तवा कुणी पाठवलं नाही."

स्पीकरवरनं ते शब्द बाहेरच्या खोलीत पडले तसा नंदू खाली बसला. खरंच बसला, बाकावर नाही, जमिनीवर. मला वाटलं, संपलं सगळं. पण काकू पुढं बोलल्या, आवाज अगदी खाली आणून.

"आता तो तिथनं निघंल, बाई. मी घरात एकलीच हाय."

नंदूनं ते ऐकलं आणि तो उठला. चपला पायात न घालताच त्यानं गाडीला किक मारली. त्याला अडवायला आमच्याकडे होतं कोण? सत्तरीचे मास्तर आणि मी. टाकीमागच्या आळीत त्याचं घर, आठ मिनिटांचा रस्ता, बाजाराच्या दिवशी दहा मिनिटांचा. मी मास्तरांकडे पाहिलं. ते आतमध्ये आले, नोंदवही ओढली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं, हौसाबाई ढोबळे. मग माइककडे हात केला.

"रकाना भरला," ते म्हणाले. "आता हाक दे."

मी दिली. शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, कारण ते अगदी थोडे होते. म्हटलं, टाकीमागच्या आळीत आणि आसपास जे कुणी ऐकतंय, त्यांनी हातातलं काम घेऊन हौसाकाकूंच्या अंगणात जाऊन बसावं. भांडायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं बसायचं. आत्ता.

मग फोन एकदाही वाजला नाही. मी गाणं लावलं नाही, बोललेही नाही. माइक उघडाच होता. पंख्याचा आवाज तेवढा गेला असेल लोकांच्या घरात. मास्तर कवळी काढून हातात धरून बसले होते, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटं मी त्या घड्याळाकडे बघत काढली, आणि त्या दहा मिनिटांत मी किती वेळा मेले असेन, ते माझं मला माहीत.

नंतर कासारीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. नंदू फाटकाशी पोचला, तेव्हा अंगणात चाळीसएक बाया बसल्या होत्या. कुणी मेथी निवडत होतं, कुणाच्या मांडीवर तांदळाचं सूप होतं, एकीचं पोर दूध पीत होतं. जवळजवळ प्रत्येकीपाशी मोबाइल, त्यावर आमचा रेडिओ लावलेला, आणि त्यातनं नुसती पंख्याची घरघर. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. पारूबाई गुरव, ती शेळीवाली, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून. नंदू फाटकात उभा राहिला. एकीनंही मान वर करून पाहिलं नाही, मेथी निवडत राहिल्या. तो बराच वेळ तसाच उभा होता म्हणे, अनवाणी. मग गाडी वळवून गेला. त्या रात्री अंगणात बायकांनी राखणीची पाळी लावली आणि दुसऱ्या दिवशी काकूंना मधे घेऊन पोलीस चौकीत गेल्या. तिथं काकूंनी पोलक्याची बाही वर केली.

मास्तरांनी घंटेचा दांडा आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. ते मला काही बोलले नाहीत, पण वस्तू सापडली की स्वतः येऊन वाजवायचे आणि दांडा परत कुलपात. मला ते लागलं. पण चूक माझीच होती, खोटी घंटा ती खोटीच. त्या पानावर त्यांनी शाईनं लिहून ठेवलं होतं, 'घंटा आगाऊ वाजली. दुरुस्ती बाकी.' रोज वही उघडताना ते 'बाकी' माझ्या डोळ्यांपुढे यायचं, आणि रोज वाटायचं, त्या पोरीचं पुढं काय झालं असेल.

अकराव्या दिवशी 'हाक' चालू असताना गाण्यात फोन वाजला. काकू होत्या. गाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पोचली. हात सुकत आलाय. पोर आजपास्नं शाळंत बसली."

मी रिसीव्हर मास्तरांकडे दिला. त्यांनी ऐकलं, हं हं केलं, आणि ठेवून दिला. मग वही काढून 'बाकी'वर रेघ मारली, पुढे तारीख घातली, आणि ड्रॉवरमधनं दांडा काढून माझ्यापुढे ठेवला.

गाणं संपलं. मी माइक उघडला आणि घंटा तीनदा वाजवली. काय सापडलं, ते सांगितलं नाही. आमच्याकडे अशा वेळी पहिल्या मिनिटात दहा फोन यायचे, काय हो चंदाताई, कुणाचं, कुठं मिळालं. मी आणि मास्तर फोनकडे बघत बसलो.

त्या दिवशी कुणीही विचारलं नाही.